गाणं दिसू लागलं तेव्हा

रोवणीवरून नुकत्याच परतलेल्या, बिड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसलेल्या, भात शिजत ठेवून रेडिओकडे कान दिलेल्या, तुम्हा साऱ्याजणींना नमस्कार. आज मी तुम्हाला टीव्हीची गोष्ट सांगणार आहे. रेडिओवर बसून टीव्हीच्या गोष्टी कशाला, असं कुणी म्हणेल. पण चोवीस तास गाणीच दाखवणाऱ्या वाहिन्या जन्माला कशा आल्या, त्यांच्यावर कुणाची गाणी आधी लागली आणि कुणाची राहून गेली, हे समजलं की आपल्या या छोट्या रेडिओचं कामही नीट समजतं. म्हणून ऐका.

तारीख होती १ ऑगस्ट १९८१. अमेरिकेत रात्रीचे बारा वाजून एक मिनिट झालं आणि एक नवीन वाहिनी सुरू झाली. नाव एमटीव्ही, म्हणजे म्युझिक टेलिव्हिजन. पडद्यावर आधी आकाशात झेपावणारं यान दिसलं, मग चंद्रावर उतरलेला अंतराळवीर आणि त्याच्याजवळ एमटीव्हीचा झेंडा. त्यानंतर पहिलं गाणं लागलं. ते बगल्स नावाच्या इंग्लंडमधल्या गायकांचं होतं. त्या गाण्याच्या नावाचा अर्थ असा, की व्हिडिओनं रेडिओवरच्या गायकाचा जीव घेतला. मुद्दामच निवडलं होतं ते. आता तुमचं संपलं, असंच जणू रेडिओला सांगायचं होतं.

गंमत पाहा. ही वाहिनी न्यूयॉर्क शहरातली, पण शहराच्या मुख्य भागात, मॅनहॅटनमध्ये, त्या रात्री ती दिसतच नव्हती. तिथल्या केबलवाल्यांनी ती घेतलीच नव्हती. मग वाहिनी उभी करणारी माणसं नदी ओलांडून शेजारच्या न्यू जर्सी राज्यात फोर्ट ली या गावी गेली आणि एका हॉटेलाच्या तळघरात बसून त्यांनी आपलीच वाहिनी पाहिली. मध्येमध्ये पडदा काळा व्हायचा, कारण एक फीत काढून दुसरी घालेपर्यंत दाखवायला काही नसायचं. जगभर गाजलेल्या वाहिनीची सुरुवात अशी होती.

आता मुख्य प्रश्न. चोवीस तास गाणी दाखवायची, तर तेवढी गाणी आणायची कुठून? वाहिनीनं स्वतः गाण्यांचं चित्रण केलं नव्हतं. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांनी जाहिरात म्हणून ज्या चित्रफिती करून ठेवल्या होत्या, त्याच तिला फुकट मिळत. कंपन्यांना वाटे, गाणं दिसलं की रेकॉर्ड खपेल. वाहिनीला वाटे, फुकटात कार्यक्रम मिळतो आहे. पण अमेरिकेत तेव्हा अशा चित्रफिती फारशा कुणी करत नसे. इंग्लंडमध्ये मात्र ती पद्धत रुळली होती. म्हणून झालं काय, की अमेरिकेतल्या लहान लहान गावांत, जिथल्या रेडिओवर त्यांचं नावही कधी आलं नव्हतं, तिथे इंग्लंडच्या नवख्या मंडळींची गाणी दिवसभर दिसू लागली. दुकानात त्यांच्या रेकॉर्डना मागणी येऊ लागली. त्यांचं गाणं इतरांपेक्षा चांगलं होतं म्हणून हे झालं असं नाही. त्यांचं गाणं फडताळात तयार होतं. आपल्या घरी पाहुणा अचानक आला, तर फडताळात जे असतं तेच ताटात पडतं ना? तसंच.

ही फडताळाची गोष्ट ध्यानात ठेवा. आजच्या साऱ्या गप्पा तिच्याभोवतीच आहेत.

फडताळात काय आहे हे एक, आणि त्यातलं वाढायचं काय हे ठरवणारा हात दुसरा. एमटीव्हीच्या पहिल्या पाच निवेदकांत दोन बाया होत्या, नीना ब्लॅकवूड आणि मार्था क्विन. एक निवेदक, जे. जे. जॅक्सन, कृष्णवर्णीय होता. पण गाण्यांमध्ये कृष्णवर्णीय गायक पहिली दीड-दोन वर्षं अगदी मोजके दिसले. आम्ही रॉक संगीत दाखवतो, त्यांचं संगीत त्यात बसत नाही, असं वाहिनीवाले सांगत. रिक जेम्स या गायकानं याविरुद्ध उघडपणे तक्रार केली. १९८३ साली डेव्हिड बोवी हा इंग्लंडचा मोठा गायक मुलाखतीला आला असताना त्यानं उलट निवेदकालाच विचारलं, की तुमच्याकडे कृष्णवर्णीय कलावंत इतके कमी का. स्वतः गोरा, स्वतःची गाणी त्याच वाहिनीवर चालू, तरी त्यानं विचारलं. त्याच वर्षी मायकेल जॅक्सनचं ‘बिली जीन’ लागलं. वर्ष संपता संपता, डिसेंबरात, ‘थ्रिलर’ आलं. जवळपास चौदा मिनिटांचं ते गाणं म्हणजे छोटा सिनेमाच होता. लोकांनी ते पुन्हा पुन्हा मागितलं. ज्यांना आत घ्यायला कुरकुर होती, त्यांच्यातल्याच एकानं वाहिनीला मोठं केलं.

आता आपल्याकडे येऊ. अमेरिकेत गाणं पडद्यावर दिसणं ही नवलाई होती, पण आपल्याला ती नवी नव्हती. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट आला, तोच गाणी घेऊन. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आला, त्यातही गाणी होती. तेव्हापासून आपलं गाणं दिसतच आलं आहे. फक्त ते पाहायला थिएटरला जावं लागे, नाहीतर गावात तंबूतला सिनेमा यावा लागे.

रेडिओवर काय लागावं, यावरून आपल्याकडेही ओढाताण झाली आहे बरं का. १९५२ साली बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाची गाणी हलकी, लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावं, असं त्यांचं मत. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवून सिलोन लावलं. अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ त्याच साली सुरू झाली आणि घराघरात पोचली. शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. ऐकणाऱ्यांनी कान फिरवला तर सरकारलाही वळावं लागतं, हे तेव्हा दिसलं.

मग टीव्ही आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९८२ साली रंग आले. ‘छायागीत’ आणि ‘चित्रहार’ यांची वाट पाहणं काय असतं, हे आपल्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या बायांना सांगायला नको. आठवड्याचा तो अर्धा तास. गावात टीव्ही एखाद्याच घरी, त्याच्या अंगणात अर्धा गाव. पडद्यावर मुंग्या आल्या की एकानं छपरावर चढून अँटेना फिरवायची आणि खालून बाकीच्यांनी ओरडून सांगायचं. आठवड्याला पाच-सहा गाणी पाहायला मिळत, आणि ती पुढच्या आठवड्यापर्यंत पुरत.

या अर्ध्या तासाच्या देशात चोवीस तासांची वाहिनी उतरली ती १९९१ मध्ये. हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला आणि त्याच्या मोजक्या वाहिन्यांत एमटीव्ही होती. उपग्रहावरून येणारं हे चित्र पकडायला मोठी छत्री लागे. केबलवाल्यानं एक छत्री बसवायची आणि गच्चीवरून गच्चीवर तारा ओढून घरोघर जोडणी द्यायची. हा धंदा मोठ्या शहरांत आधी वाढला. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मोठा होता, गोंदियाही त्यातच होता, तो १९९९ साली वेगळा झाला. आपल्यासारख्या भागात केबल आली ती आधी जिल्ह्याच्या आणि बाजारपेठेच्या गावांत. धानाच्या बांध्यांमधल्या खेड्यांत दूरदर्शनच राहिलं.

सुरुवातीच्या त्या एमटीव्हीच्या फडताळात होतं काय? बहुतेक इंग्रजी गाणी. शहरातल्या कॉलेजच्या मुलांना ती आवडली. पण बाकी घराचं काय? आई-आजी पाहणार काय? तरी काही आपले चेहरे त्यात शिरले. बाबा सेहगल नावाचा गायक हिंदीत झपझप बोलत गाणं म्हणू लागला आणि त्याचा व्हिडिओ त्या वाहिनीवर झळकला. पुढे दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर ‘सुपरहिट मुकाबला’ हा कार्यक्रमही त्यानं केला.

१९९४ मध्ये एमटीव्ही आणि स्टारचं फाटलं. स्टारनं स्वतःची चॅनल व्ही ही वाहिनी काढली आणि तिनं लवकर ओळखलं, की इथे चालायचं तर इथली भाषा बोलावी लागेल. क्विक गन मुरुगन हे गमतीदार पात्र याच वाहिनीनं आपल्या जाहिरातीसाठी जन्माला घातलं. रूबी भाटियासारख्या निवेदिका घराघरात माहीत झाल्या. एमटीव्ही परत आली ती १९९६ मध्ये, खास भारतासाठी, आणि आता तिच्यावर हिंदी सिनेमाची गाणी होती. ज्या वाहिनीनं रेडिओच्या मरणाचं गाणं लावून जन्म घेतला, तिला आपल्याकडे अखेर ‘छायागीत’चाच रस्ता धरावा लागला. प्रेक्षकांनी मोर्चा काढला नव्हता, निवेदन दिलं नव्हतं. सिलोनच्या वेळी कान फिरवला होता, आता नजर फिरवली, एवढंच.

या मधल्या काळात एक छान गोष्ट घडली. सिनेमाशी संबंध नसलेल्या गाण्यांना जागा मिळाली. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं, दलेर मेहंदीचं गाणं आलं. नायक-नायिकेला आवाज उसना देणारी गायिका आता स्वतःच्या चेहऱ्यानं समोर आली. मराठीतही ते वारं आलं. अवधूत गुप्तेंनी चाल दिलेलं आणि वैशाली सामंत यांनी गायलेलं ‘ऐका दाजिबा’ २००२ च्या सुमारास आलं आणि मराठी न समजणाऱ्यांनीही त्यावर ताल धरला.

मैत्रिणींनो, आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. या वाहिन्यांवर बाई दिसली ती कशी? याचं उत्तर एक नाही. त्याच २००२ साली ‘काँटा लगा’ हे जुनं गाणं नव्या रूपात आलं. मूळ गाणं १९७२ च्या ‘समाधी’ सिनेमातलं, लताबाईंच्या आवाजातलं. नव्या रूपावर खूप वाद झाला. दोष त्या नाचणाऱ्या मुलीच्या माथी मारणं सोपं होतं, आणि बऱ्याच जणांनी तो मारलाही. पण कॅमेरा कुठे फिरवायचा ते ती ठरवत नव्हती. खपावं म्हणून गाणं करणारे वेगळेच होते. तशी गाणी मग रांगेनं आली.

पण त्याच्या थोडं आधी, २००० साली, ब्रेकथ्रू नावाच्या संस्थेनं ‘मन के मंजीरे’ हा गाण्यांचा संच काढला होता. आवाज शुभा मुद्गल यांचा, चाल शंतनु मोइत्रांची. त्याच्या व्हिडिओत मीता वशिष्ठ ही अभिनेत्री ट्रक चालवते. नवऱ्याची मारहाण सोडून बाहेर पडलेल्या आणि गाडी चालवून पोट भरणाऱ्या गुजरातमधल्या एका खऱ्या बाईच्या आयुष्यावरून ते सुचलं होतं. मारहाणीवर भाषण नाही, रडणं नाही. चाकावर हात ठेवलेली एक बाई आणि मोकळा रस्ता. आणि हे गाणं त्याच वाहिन्यांवर, बाकीच्या गाण्यांच्या रांगेत, पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. म्हणजे वाहिनी तीच होती. कुणीतरी फडताळात वेगळी वस्तू ठेवली, म्हणून ती लोकांच्या ताटात पडली.

आणि मराठीची स्वतःची गाण्यांची वाहिनी? अमेरिकेत १९८१, आपल्या देशात १९९१, हिंदीसाठी १९९६. मराठीत २०११ मध्ये ‘नाइन एक्स झकास’ सुरू झाली. म्हणजे पहिल्या एमटीव्हीनंतर तीस वर्षांनी. एवढा उशीर का? मला त्याचं एक कारण पुन्हा फडताळच वाटतं. चोवीस तास पुरतील इतकी चांगल्या चित्रणाची मराठी गाणी आधी होती कुठे? ‘जोगवा’, ‘नटरंग’ असे सिनेमे २००९-१० च्या आसपास आले, अजय-अतुल यांच्या चालींवर गावोगाव पोरं नाचू लागली, मराठी गाण्याच्या चित्रणावर पैसा लागू लागला. माल तयार झाला, मग दुकान उघडलं.

त्या दुकानात आपण शिरलो का? आपली झाडीबोली, आपली दंडार, दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर चालणारी खडी गंमत, भुलाबाईची गाणी, रोवणीला चिखलात वाकून बायांनी म्हटलेली गाणी, लग्नात मांडवाखाली म्हटलेली गाणी. ही गाण्यांच्या वाहिनीवर कधी सलग अर्धा तास पाहिलीत तुम्ही? वाहिनीवाल्यांचं आपल्याशी काही वैर नाही. पण त्यांच्या फडताळात आपला डबाच नाही. आणि ज्याचा डबा नाही, त्याची आठवण वाढणाऱ्याला येत नाही.

आता त्या वाहिन्यांचंही दिवस पालटले. एमटीव्हीवर गाण्यांची जागा स्पर्धांनी आणि भांडणांनी घेतली. चॅनल व्ही २०१८ मध्ये बंद झाली. गाणं मोबाइलमध्ये गेलं. १९८१ च्या त्या रात्री ज्याच्या मरणाचं गाणं लावलं होतं, तो रेडिओ मात्र आत्ता तुमच्या कानाशी बोलतो आहे.

तो बोलतो आहे त्यालाही इतिहास आहे. १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यांच्यावर कुणा एकाची मक्तेदारी असू नये. तो निकाल देणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. वरून परदेशी वाहिन्या एकमेकींशी चढाओढ करत होत्या, त्याच दिवसांत हा निकाल आला. त्या वाटेनं पुढे २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली सामाजिक संस्थांना छोटा रेडिओ चालवायला परवानगी मिळाली. त्यालाच आपण सामुदायिक रेडिओ म्हणतो. इथे फडताळ आपलं आणि वाढणारे हातही आपले.

पण बायांनो, रिकाम्या फडताळाचा उपयोग नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं या दोघांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. जाती बंद पडत होती, पिठाची गिरणी गावात आली होती. अजून थोडा उशीर झाला असता, तर त्या म्हणणाऱ्या बायाही राहिल्या नसत्या. त्यातल्या कितीतरी ओव्या आज जगात कुणालाही ऐकता येतात, गाणाऱ्या बाईच्या नावासकट.

आपल्याकडे रोवणीलाही आता यंत्रं येऊ लागली आहेत. चिखलात रांग धरून बाया उभ्या राहणार नाहीत, तेव्हा ती गाणी म्हणायचं ठिकाणच राहणार नाही. पाठ मोडणारं ते काम हलकं होत असेल तर त्याचं दुःख करायचं कारण नाही. पण कामाबरोबर गाणंही जायलाच हवं असं थोडंच आहे?

म्हणून एक विनंती. पुढच्या महिनाभरात आपापल्या घरातल्या किंवा टोलीतल्या एका म्हाताऱ्या बाईजवळ बसा. सासू असेल, आजेसासू असेल, शेजारची काकी असेल. आधी त्यांना विचारा, गाणं भरून घेऊ का, रेडिओवर लावू का. हो म्हणाल्या तर पंखा आणि टीव्ही बंद करा, मोबाइल जवळ ठेवा आणि गाणं सुरू होण्याआधी त्यांच्याच तोंडून त्यांचं नाव, माहेर, सासर आणि हे गाणं कोणत्या वेळी म्हणतात ते बोलून घ्या. मध्ये खोकला आला, शब्द विसरला, हसू आलं, तरी थांबवू नका, खोडू नका. त्यांनी ‘हे नको लावू’ म्हटलेलं गाणं लावायचं नाही, एवढं मात्र पाळा. भरलेलं गाणं केंद्रावर आणून द्या. ज्यांना येणं जमणार नाही, त्यांनी गटाच्या ताईंकडे मोबाइल द्यावा, त्या इथे पोचवतील.

पुढच्या वेळी कुणी विचारलं, तुमच्या झाडीपट्टीची गाणी कुठे आहेत, तर आपल्याला डबा उघडून दाखवता आला पाहिजे. येते मी. नमस्कार.